वेबसाइट, दिव्यांग ग्राहक आणि वकिलाची नोटीस

आजचा विषय कोर्टकचेरीचा आहे, पण सुरुवात आपण उल्हास नदीच्या काठावरून करू. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत फार्महाउस, कृषी पर्यटन केंद्रं, घरगुती राहण्याजेवणाची ठिकाणं भरपूर आहेत. पावसाळा लागला की मुंबई-पुण्याची गर्दी इकडे वळते, आणि चौकशी मोबाईलवरच होते.

समजा, ठाण्यातल्या एका दृष्टिहीन बाईंना कुटुंबासह दोन दिवस यायचंय. त्यांच्या फोनमधलं टॉकबॅक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. वेबसाइट उघडते आणि आवाज येतो : "इमेज. इमेज. बटन." बास! दरपत्रक छान रंगीत आहे, पण ते चित्र म्हणून चढवलंय. माणशी किती, जेवण धरून की वेगळं, मुलांना अर्धे पैसे का, सगळं त्या चित्रात अडकलेलं. 'बुक करा' बटणाला नावच दिलेलं नाही. शेवटी मुलाला म्हणायचं, जरा वाचून दाखव रे. पैसे स्वतःचे, पण खोली स्वतः घेता येत नाही. आमच्या मते भांडण इथे आहे, कोर्ट नंतर.

अमेरिकेत हे भांडण थेट कोर्टात जातं. तिथला दिव्यांगांसाठीचा कायदा 1990 चा, म्हणजे वेबसाइटच्या जमान्याआधीचा. तरी डॉमिनोज पिझ्झाविरुद्ध एका दृष्टिहीन ग्राहकाने दावा लावला. वरच्या कोर्टाने तो चालू दिला, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीचं अपील ऐकायलाच नकार दिला. पण गंमत बघा, त्या केंद्रीय कायद्यात ग्राहकाला नुकसानभरपाई नाही. वेबसाइट सुधारण्याचा आदेश आणि वकिलाची फी एवढंच. त्यामुळे काही वकिलांनी एकाच मसुद्याचे दावे ढिगाने लावले. छोटा दुकानदार लढण्यापेक्षा तडजोडीचे पैसे देऊन मोकळा होतो, आणि वेबसाइट कधीकधी तशीच राहते.

आपल्याकडे वाट वेगळी आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम 46 सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी, दोघांनाही लागू आहे. तक्रार आयुक्तांकडे जाते. राज्याच्या आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. कलम 89 खाली पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत दंड, पुढे 50,000 ते 5 लाख. हे कागदावरच राहतं असं समजू नका. दृष्टिहीन वकील राहुल बजाज यांच्या तक्रारीवर मुख्य आयुक्तांनी 2022 मध्ये प्रॅक्टो या खासगी कंपनीला ॲप सुधारायला सांगितलं होतं. मग 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात नुसत्या मार्गदर्शक सूचना होत्या, सक्ती नव्हती. केंद्राला सक्तीचे नियम करायला तीन महिने दिले. आणि 30 एप्रिल 2025 ला प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मूळ अडचण केवायसीची होती : ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्या माणसाला ॲप म्हणतंय, पापण्या मिटा!

भीती दाखवून माल विकणारे आता येतील. 'एक ओळीचा कोड टाका, वेबसाइट नियमात बसेल', असं सांगणाऱ्या ॲक्सेसिबी कंपनीला जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 10 लाख डॉलर भरायला लावले. तसले पैसे वाचवा. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबच्या कळीने आपलं बुकिंग पूर्ण करून बघा. कुठे अडकता ते पाच मिनिटांत कळतं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं असतील तर गडद करा, चाळिशी लागलेलं गिऱ्हाईकही दुवा देईल.

आता नेहमी येणारा प्रश्न : "आमची वेबसाइटच नाही, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, मग?" मग तिथेही तेच. दरपत्रकाचं पोस्टर जरूर पाठवा, पण त्याच्याखाली दर, वेळा आणि स्टेशनवरून कसं यायचं ते साध्या अक्षरांत टाइप करा. एकदा लिहून ठेवलं की हंगामभर तोच मेसेज पुढे पाठवता येतो.