तांब्यावर कोरलेला सिडनी

संपादकांनी जुन्या दर्यावर्दी मोहिमांवरच्या चित्रकारांविषयी लिहायला सांगितलं आणि मी कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीची कागदपत्रं चाळू लागलो. अडकलो तो एका चेहऱ्यापाशी : सिडनी पार्किन्सन.

एडिंबरोच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबातला हा तरुण. १७६८ मध्ये सफरीवर निघालेला धनाढ्य वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने त्याला वर्षाला ८० पौंडांवर ‘एंडेव्हर’ जहाजावर घेतलं, झाडं आणि प्राणी रेखाटायला. ताहितीला पोचल्यावर निसर्गदृश्यांचा चित्रकार अलेक्झांडर बुकन वारला आणि माणसं, होड्या, किनारे हे सगळंही पार्किन्सनवर आलं. तिथल्या माश्या कागदावरचा ओला रंगच खात. ऑस्ट्रेलियात तर वनस्पतींचे नमुने इतके साठले, की तो नुसती रेखाकृती काढी, एखादं पान, एखादी पाकळी रंगवी आणि बाकीचे रंग शब्दांत लिहून ठेवी. जावा बेट सोडल्यावर हगवणीने त्याला गाठलं. जानेवारी १७७१ मध्ये तो जहाजावरच गेला, जेमतेम पंचविशीत.

त्याचा चेहरा छापला गेला १७७३ मध्ये, त्याच्याच रोजनिशीच्या शीर्षकपानासमोर. तो तांब्यावर कोरला जेम्स न्यूटनने. या कामात पत्रा वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवतात. कोरणीची मूठ तळव्यात दाबून पुढे रेटायची. वळणदार रेघ हवी तर डाव्या हाताने पत्राच फिरवायचा. चित्र उलटं कोरायचं, म्हणजे छाप सुलटा उठतो. गालाची गोलाई, डोळ्याखालची सावली, सगळं फक्त रेघांच्या जाडीतून आणि अंतरातून. रेघ चुकली तर ती घासायची, पत्रा मागून ठोकून वर आणायचा आणि पुन्हा कोरायचं. मिरजेत १८०५ च्या सुमारास भगवद्गीता छापली गेली तीही अशाच कोरीव तांब्यावरून. उलट्या अक्षरांचं ते काम ज्यांनी पाहिलंय, त्यांना न्यूटनच्या कष्टांचा अंदाज येईल.

पार्किन्सनच्या वनस्पतिचित्रांसाठी बँक्सने असे ७४३ पत्रे कोरून घेतले. वर्षानुवर्षं कोरक्यांना पगार दिले आणि पुस्तक काढलंच नाही. त्या पत्र्यांवरून पूर्ण रंगीत छपाई झाली ती १९८० ते १९९० या काळात, अवघे १०० संच. दोनशे वर्षं ही चित्रं अशी रंगांत बाहेर आली नाहीत, याची मला मनापासून चीड येते.

चेहरा मात्र लगेच छापला गेला, कारण सिडनीचा भाऊ स्टॅनफिल्ड हट्टाला पेटला होता. सिडनीची रोजनिशी आणि चित्रं बँक्सने दाबून ठेवली, असा त्याचा आरोप. लंडनचे क्वेकर वैद्य डॉ. जॉन फोदरगिल यांनी मध्यस्थी केली, बँक्सने कुटुंबाला ५०० पौंड दिले. काही कागद फोदरगिल यांच्या शब्दावर स्टॅनफिल्डला वाचायला मिळाले. ते त्याने छापायला घेतले. माझं मन या भावाकडे झुकतं, पण शब्द त्याने मोडला होता हे खरंच. सफरीचा अधिकृत वृत्तांत लिहिण्यासाठी ६,००० पौंड मिळालेला जॉन हॉक्सवर्थ कोर्टात गेला आणि त्याने मनाईहुकूम आणला. त्याचा ग्रंथ आधी आला, मगच सिडनीची रोजनिशी.

पुढे स्टॅनफिल्डचं मन ढळलं. न खपलेल्या प्रती फोदरगिल यांनी विकत घेतल्या. त्या पुरवणीसह पुन्हा निघाल्या १७८४ मध्ये. तोवर हॉक्सवर्थ, कुक आणि खुद्द फोदरगिल, तिघेही वारले होते.