घसारा, मुदत आणि तोट्यात गेलेली शेजारची कंपनी



आमच्या वेस्ट विंडसरपासून मोटारने थोड्याच अंतरावर, लॉरेन्स टाउनशिपमध्ये, ब्रिस्टल मायर्स स्क्विब या औषध कंपनीचं मोठं आवार आहे. या भागातल्या पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी तिथे नोकरी केलेली असते, आणि निवृत्तीनंतर कपाटात त्या कंपनीचे थोडे शेअर असतात. २०२१ च्या सुरुवातीला कंपनीने आधीच्या वर्षाचे आकडे जाहीर केले. विक्री ४२.५ अब्ज डॉलर, आणि तोटा ९ अब्ज डॉलर! आमच्या ओळखीच्या एक-दोन भगिनी घाबरल्या, शेअर विकून टाकावे की काय असं म्हणू लागल्या. गंमत अशी, की त्याच सुमारास कंपनीने तिमाही लाभांश ४५ सेंटवरून ४९ सेंट केला होता. तोट्यातला माणूस दानधर्म वाढवतो का? मग हा काय प्रकार?

आमचा व्यवसाय परिचारिकेचा, हिशेबनिसाचा नव्हे. पण आमच्या वयाच्या कित्येकांचा महिन्याचा खर्च आता अशाच कागदांवर चालतो, म्हणून हे समजून घेणं भाग आहे. आणि समजलं की ते वाटतं तेवढं अवघड नाही.

मराठीत याला एक फार सुंदर शब्द आहे, घसारा. ज्यांनी शाळेत जमाखर्च हा विषय घेतला होता त्यांना तो आठवत असेल. घासून झिजणं, तेच हे. आपल्या पूर्वजांचा कोकणातला तेलाचा घाणाच घ्या. घाणा घातला त्या वर्षी पैसे गेले, पण तेल पुढे कित्येक वर्षं निघत राहिलं. त्या काळात लाकूड झिजतं, बैल म्हातारा होतो. मग घाण्याची सगळी किंमत पहिल्याच वर्षाच्या माथी मारली तर ते वर्ष उगाच बुडालेलं दिसेल आणि पुढची सगळी वर्षं फुकटच्या घाण्यावर चैन केल्यासारखी दिसतील. म्हणून किंमत वर्षांवर वाटून टाकायची. बस्स, एवढंच.

हॉस्पिटलातलं उदाहरण घेऊ. समजा एक यंत्र ३,००,००० डॉलरला घेतलं, ते १० वर्षं चालेल आणि शेवटी भंगारात काही येणार नाही असं धरलं. तर दर वर्षी ३०,००० डॉलर नफ्यातून वजा होतील. चौथ्या वर्षी त्या ३०,००० चा चेक कोणाला जातो? कोणालाही नाही. पैसे पहिल्याच वर्षी गेले. मात्र इंजेक्शनच्या सुया, कापूस, हातमोजे यांचा खर्च त्या त्या वर्षीच मोजला जातो, कारण ते तेव्हाच संपतात. जमिनीला घसारा नाही, ती झिजत नाही.

ही झाली समान हप्त्यांची पद्धत. भारतात आयकरासाठी बहुतेक मालमत्तेला घटत्या किमतीची पद्धत वापरतात. सर्वसाधारण यंत्राला १५ टक्के धरले तर १,००,००० रुपयांवर पहिल्या वर्षी १५,०००, मग उरलेल्या ८५,००० वर १२,७५०, असं कमी कमी होत जातं. इथे अमेरिकेत ज्यांनी आपलं जुनं घर भाड्याने दिलं आहे त्यांना करासाठी २७.५ वर्षांचा घसारा मिळतो, फक्त इमारतीवर. पण घर विकताना तो घेतलेला घसारा हिशेबात परत येतो व त्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, हे विसरू नये. असो.

आता दुसरा शब्द, अमॉर्टायझेशन. याला मराठीत नेहमीच्या बोलण्यातला शब्द आम्हाला तरी सापडला नाही. ज्या वस्तू हाताला लागत नाहीत, जसं पेटंट, परवाना, विकत घेतलेलं औषधाचं हक्काचं नाव, त्यांची किंमत अशीच वर्षांवर वाटतात, त्याला हे नाव. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, मरण या अर्थाचं. आमच्यासारख्यांना जो ‘मॉर्च्युरी’ शब्द चांगला ठाऊक आहे तो त्याच मुळातला. आणि नाव अगदी चपखल आहे, कारण पेटंट झिजत नाही, ते मरतं. एका ठरलेल्या दिवशी त्याची मुदत संपते आणि दुसऱ्या कंपन्या तेच औषध स्वस्तात बनवू लागतात.

ब्रिस्टल मायर्सकडे परत येऊ. या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यू जर्सीमधल्याच समिट गावची सेलजीन ही कंपनी घेतली. सौदा जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत सुमारे ७४ अब्ज डॉलर सांगितली होती. त्यातला सर्वांत मोठा दागिना म्हणजे रेव्हलिमिड, मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरची कॅप्सूल. थॅलिडोमाइडच्या घराण्यातलं औषध आहे, म्हणून तरुण स्त्रियांना देताना गरोदरपणाची तपासणी सक्तीची असते. ज्यांनी कॅन्सर वॉर्डात काम केलं आहे त्यांना ते चांगलंच ठाऊक असेल. तर हे विकत घेतलेले हक्क ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसले आणि दर वर्षी त्यांचा वाटा नफ्यातून वजा होऊ लागला. २०२० मध्ये हा वाटा सुमारे ९.७ अब्ज डॉलर होता. त्या वर्षी त्यापायी रोख एक डॉलरही बाहेर गेला नाही.

तोट्याचं दुसरं कारण वेगळं. त्याच वर्षी कंपनीने हृदयाच्या औषधावर काम करणारी मायोकार्डिया नावाची कंपनी १३.१ अब्ज डॉलरला घेतली. ते औषध अजून मंजूर व्हायचं होतं. अशा खरेदीत हिशेबाचा नियम म्हणतो, की हे मूल होईल की नाही कोण जाणे, म्हणून वर्षांवर वाटू नका, आत्ताच खर्ची टाका. तसे ११.४ अब्ज एकदम वजा झाले. दोन्ही मिळून २१ अब्जांच्या वर. इतकं वजा होऊनही तोटा ९ अब्जच आला, याचा अर्थ रोजचा धंदा चांगला चालला होता. रोख पैशाचं पत्रक पाहिलं तर त्या वर्षी धंद्यातून सुमारे १४ अब्ज डॉलर आले होते. लाभांश त्यातून निघाला. पुढच्या २०२१ मध्ये नफा ७ अब्ज, हक्कांचा वाटा १० अब्ज, आणि धंद्यातून आलेली रोकड १६.२ अब्ज.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग हा तोटा नुसता कागदावरचा, सोडून द्या. कंपन्याही अगदी हेच सांगतात. त्यांच्या निवेदनात एक ‘सुधारित’ नफा असतो, ज्यातून हे वाटे काढून टाकलेले असतात, आणि तो आकडा नेहमी गोंडस दिसतो. आमचं मत थोडं निराळं आहे. २०२१ मध्ये रेव्हलिमिडची विक्री १२.८ अब्ज डॉलर होती. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत पहिलं पर्यायी औषध बाजारात आलं. २०२२ मध्ये विक्री १० अब्जांवर आली, २०२३ मध्ये ६.१ अब्जांवर. म्हणजे कागदावर जी झीज दाखवत होते ती खोटी नव्हती! रोख आधीच गेली होती, झीज नंतर खरोखरच झाली. आणि झिजलेल्या औषधाच्या जागी नवं आणायचं तर पुन्हा पैसे. २०२४ मध्ये कंपनीने स्किझोफ्रेनियाच्या औषधासाठी कारुना ही कंपनी सुमारे १४ अब्ज डॉलरला घेतली, १२.१ अब्ज एकदम खर्ची पडले आणि त्या वर्षी पुन्हा ८.९ अब्जांचा तोटा दिसला. चार वर्षांत दोनदा झालेल्या गोष्टीला ‘एकदाच होणारा खर्च’ म्हणणं आम्हाला पटत नाही. वॉरन बफे यांनीही आपल्या भागधारकांना लिहिताना, घसारा वगळून नफा मोजणाऱ्यांची वेळोवेळी हजेरी घेतली आहे.

एक उलटी गोष्टही लक्षात ठेवावी. कंपनीने स्वतःच्या प्रयोगशाळेत शोधलेलं औषध ताळेबंदात जवळजवळ दिसतच नाही, कारण संशोधनाचा खर्च त्या त्या वर्षीच वजा झालेला असतो. विकत घेतलेली सून ताळेबंदात आणि घरची लेक बाहेर, असा हा न्याय.

खरी मेख आहे ती ‘किती वर्षं’ या प्रश्नात. ते आकाशातून येत नाही, व्यवस्थापन ठरवतं. वेस्ट मॅनेजमेंट या कचरा उचलणाऱ्या मोठ्या कंपनीचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. कचऱ्याच्या ट्रकचं आयुष्य कागदावर वाढवायचं, भंगाराची किंमत फुगवायची, म्हणजे दर वर्षीचा घसारा कमी आणि नफा जास्त. १९९८ मध्ये कंपनीला आधीच्या वर्षांच्या नफ्यातून १.७ अब्ज डॉलर कमी करावे लागले. मार्च २००२ मध्ये रोखे बाजाराच्या सरकारी आयोगाने संस्थापकासह सहा जुन्या अधिकाऱ्यांवर दावा लावला. तपासनीस आर्थर अँडरसनने त्याआधी २००१ मध्येच ७० लाख डॉलर दंड भरला होता. (१९९८ मध्ये कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली व व्यवस्थापन बदललं, हे सांगितलं पाहिजे.) ट्रक मात्र तेच होते. कागदावर आयुष्य वाढवलं म्हणून इंजिन काही जास्त चालत नाही.

आज हाच प्रश्न कॉम्प्युटर कंपन्यांत आहे, आणि तिथे फसवणूक नाही, सगळं उघड लिहिलेलं आहे. गूगलच्या मालक कंपनीने २०२३ पासून आपल्या सर्व्हरचं आयुष्य ४ वर्षांवरून ६ वर्षं धरलं. मेटाने २०२५ पासून साडेपाच वर्षं धरलं आणि त्या एका बदलाने वर्षाचा घसारा सुमारे २.९ अब्ज डॉलरने कमी होईल असं सांगितलं. अ‍ॅमेझॉनने मात्र २०२५ पासून काही सर्व्हरचं आयुष्य ६ वरून ५ वर्षांवर आणलं, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे यंत्रं लवकर जुनी होत आहेत. एकाच प्रकारचं यंत्र, एक म्हणतो जास्त जगेल, दुसरा म्हणतो कमी. आमच्या पेन्शनच्या फंडांत या सगळ्यांचे शेअर आहेत, तेव्हा कोणाचा अंदाज बरोबर ठरतो याच्याशी आपला थेट संबंध आहे.

तेव्हा वार्षिक अहवाल आला की अध्यक्षांचा हसरा फोटो उलटून पुढे जावं. मागच्या टीपांमध्ये इमारती, यंत्रं, हक्क यांची वर्षं दिलेली असतात, ती गेल्या वर्षीच्या अहवालाशी ताडून पाहावी. मग रोख प्रवाहाचं पत्रक काढावं. त्यात निव्वळ नफ्याखाली घसारा व अमॉर्टायझेशन परत मिळवलेलं असतं. त्याच्याच खालच्या भागात नवी यंत्रं व नव्या कंपन्या घ्यायला किती गेले ते असतं. घसारा मोठा आणि नवी खरेदी वर्षानुवर्षं अगदी लहान असेल तर कंपनी जुन्या घाण्यावरच तेल काढते आहे असं समजावं. खरेदी मोठी असेल तर पैसे धंद्यातून आले की कर्जातून, ते पाहावं. लाभांशाचा आकडाही त्याच पानावर, थोडा खाली, कर्जाच्या ओळींजवळ सापडतो.