सुरी घेताना: पैसा पोलादात घाला, दिखाव्यात नको

बकरी ईद महिन्यावर आली की घराघरांत सुरीची आठवण होते. माळ्यावरचा डबा खाली येतो, जुन्या सुऱ्या कागदातून सोडवल्या जातात, एकीची मूठ हलते आहे, दुसरीला गंज चढला आहे, हे लक्षात येते आणि या वर्षी नवी घेऊ या असे ठरते. नेमका तेव्हाच घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मोबाईलवर एक सुरी दाखवतो. काळे पाते, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र, आत आगकाड्या ठेवायला पोकळ जागा. "अब्बा, ट्रेकलाही चालेल आणि स्वस्तही आहे," असे त्याचे म्हणणे.

ती घेऊ नका, असे आम्ही सरळ सांगतो. का, आणि तेवढ्याच पैशांत काय घ्यावे, यासाठी हा लेख. आमच्यासमोर आहे ती घराबाहेरच्या कामाची, न मिटणाऱ्या पात्याची साधी सुरी. वाडीत दोर कापायला, काठी तासायला, खाडीवर मासे साफ करायला, गडावरच्या मुक्कामात कांदा चिरायला एकच सुरी पुरते. कुर्बानीची सुरी थोडी वेगळी, तिच्याकडे पुढे येऊ. पण पारख दोघींची एकच.

सुरीची किंमत तीन गोष्टींत असते: पोलाद, त्याला दिलेले पाणी आणि मुठीची जोडणी. बाकी सगळी सजावट. पैसे थोडे असतील तर सजावटीवर गेलेला प्रत्येक रुपया या तिघांतून कापला गेलेला असतो. पोकळ मुठीच्या सुरीत पाते मुठीच्या तोंडाशीच संपते आणि आखूड बोल्टवर उभे राहते. जोर लावला की सगळा भार त्याच जागी येतो. तिथून ते तुटले तर पाते कुठे जाईल हे सांगता येत नाही आणि हात तर पुढे गेलेलाच असतो.

आधी पोलाद. साध्या नरम लोखंडात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो. त्याला कितीही तापवा, बुडवा, ते म्हणावे तसे कडक होत नाही. धार लागते, पण दोन नारळ सोलेपर्यंत बसते. सुरीला अर्ध्या टक्क्याहून जास्त, साधारण एक टक्क्यापर्यंत कार्बनचे पोलाद लागते. ट्रकच्या कमानीचा पाटा या वर्गात मोडतो, म्हणूनच आपल्याकडचे लोहार कोयते आणि सुऱ्या घडवायला जुने पाटे वापरतात. जुन्या कानशीत कार्बन आणखी जास्त असतो. तिची सुरी छान धार धरते, पण ठिसूळपणा नीट उतरवला नसेल तर पडल्यावर तुटते.

स्टेनलेसचे काय? गंजत नाही हा त्याचा मोठा गुण, आणि समुद्राकाठी राहणाऱ्या घरांना तो नाकारता येणार नाही. चांगले स्टेनलेसही उत्तम धार धरते. पण पाते 'स्टेनलेस' आहे याखेरीज काहीच सांगितलेले नसेल, तर स्वस्तातल्या वस्तूत ते बहुधा मऊ निघते. थोड्या पैशांत खात्रीची धार हवी असेल तर कार्बन पोलाद घ्यावे आणि गंज टाळण्याची मेहनत आपण करावी, असे आमचे मत आहे.

नुसते पोलाद चांगले असून भागत नाही. पाते आठशे अंशांच्या आसपास लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवतात. यालाच पाणी देणे म्हणतात. त्या उष्णतेला लोहचुंबक पोलादाला चिकटत नाही, आणि काही कारागीर त्यावरूनच वेळ ओळखतात. असे बुडवलेले पाते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास मंद तापवावे लागते. घासून उजळलेल्या पात्यावर तेव्हा वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग चढतो. लोहाराला एवढेच विचारा: पाणी दिल्यावर पुन्हा मंद आंच दिली का? जाणता कारागीर या प्रश्नावर खूश होतो आणि त्यानंतर तुम्हाला हलकी वस्तू देत नाही.

पोलाद हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, पण ही वस्तू मात्र इथून तिकडे जात असे. दक्षिण भारतात मुशीत वितळवलेल्या पोलादाच्या वड्या इराण आणि अरबस्तानात जात. दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेली लहरदार पाती अशाच पोलादातून घडत. नवव्या शतकातले तत्त्वज्ञ अल-किंदी यांनी तलवारींच्या जातींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हिंदी पोलादाच्या तलवारीला अरबीत 'मुहन्नद' म्हणत आणि आजही अरब घरांत मुलाचे नाव मुहन्नद ठेवतात. हे सांगण्याचे कारण असे की बाजारात 'दमास्कस' म्हणून लहरींचे पाते स्वस्तात मिळते. त्या लहरी पुष्कळदा नुसत्या वरून कोरलेल्या असतात. थोड्या पैशांत खरी लहर मिळत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये.

मुठीकडे बघताना पाते मुठीत कुठवर गेले आहे ते पाहा. मुठीच्या दोन लाकडी फाकांमधून पोलादाची पट्टी शेवटपर्यंत दिसत असेल आणि दोन-तीन रिव्हेट आरपार असतील, तर डोळे मिटून विश्वास टाकावा. पाते मुठीच्या आत लपलेले असेल तर विचारून घ्या. निदान निम्म्याहून जास्त लांबी आत गेलेली हवी. लाकूड शिसम किंवा बाभूळ असले तर उत्तम. नव्या मुठीला जवसाचे तेल दोन-चारदा चोळावे. तेलाचे फडके मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवावे.

आकार जितका साधा तितका कामाचा. पाते दहा ते बारा सेंटिमीटर लांब आणि अडीच ते साडेतीन मिलिमीटर जाड असले की बाहेरच्या जवळजवळ सगळ्या कामांना पुरते. पाठ सरळ, टोक किंचित वर उचललेले, धार एकाच बाजूला. पाठीवरच्या दातांनी लाकूड कापले जात नाही. उलट काठी तासताना पाठीवर अंगठा टेकवावा लागतो, तो ओरबाडला जातो. स्वीडनमधल्या मोरा गावच्या परिसरात पिढ्यान्पिढ्या सुऱ्या बनतात. त्यांचे सर्वांत जुने रूप म्हणजे बर्च लाकडाची साधी मूठ आणि दहा सेंटिमीटरच्या आसपासचे पाते. सुतार, कोळी, शेतकरी सगळे तीच वापरतात आणि तिथे ती सर्वांत स्वस्त सुऱ्यांत गणली जाते. शेजारच्या फिनलंडची पुक्को सुरीही अशीच. बर्फाळ जंगलात राहणाऱ्या लोकांना करवतीचे दात लागले नाहीत, मग सह्याद्रीत दोन दिवस राहणाऱ्या आपल्या मुलांना कशाला लागावेत?

हाताशी हजार रुपये आहेत असे धरू. भाव गावागणिक बदलतो, पण वाटणी अशी ठेवावी: निम्म्याहून थोडे जास्त सुरीला, उरलेल्यात धारेचा दगड आणि चामड्याचे म्यान. दगड न घेता सगळे पैसे सुरीवर घालणारे पुष्कळ असतात. सहा महिन्यांनी त्यांची महागडी सुरी आणि शेजाऱ्याची स्वस्त सुरी सारखीच बोथट असते.

घेताना पाते डोळ्यांसमोर आडवे धरून धारेच्या रेषेत पाहा, वाक चटकन कळतो. नखाने टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा, बद्द आवाज आला तर भेग असू शकते. लोहाराकडे असाल तर धारेच्या मुठीकडच्या टोकाला त्याचीच कानस हलकेच फिरवून मागा. कानस घसरली किंवा जेमतेम खरडली तर पाणी बरोबर बसले आहे. लोण्यात शिरावी तशी शिरली तर सुरी खाली ठेवून नमस्कार-चमत्कार करून निघावे. दुकानदार कानस लावू देणार नाही. त्याच्याकडे निदान कागद चिरून पाहावा.

आठवडी बाजारात पाल टाकून बसणारे घिसाडी आजही हातावर सुरी घडवून देतात. लांबी, जाडी, मुठीचा आकार तुमच्या हाताच्या मापाने मिळतो, हा फायदा कारखान्याच्या वस्तूत नाही. धारेसाठी शिकलगार आहेतच. 'सैकल' या झिलई देण्याच्या अर्थाच्या अरबी शब्दावरून त्यांचे नाव पडले. आपल्याच समाजातल्या या मंडळींची मुले आता हा धंदा सोडत आहेत. जे टिकून आहेत त्यांच्याकडे काम नेले पाहिजे. एक मात्र सांगावे: विजेच्या चाकावर पाते निळे पडू देऊ नका. धार निळी पडली की तिथले पाणी उतरले समजा.

घरी धार लावायची तर दोन पोतांचा, म्हणजे एका बाजूला जाडा आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा दगड घ्या. कोन साधारण वीस अंशांचा. चौकोनी कागदाचा कोपरा दोनदा दुमडला की साडेबावीस अंश मिळतात, तो दगडाशेजारी ठेवून पाते तसे तिरके धरावे. एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत कड बोटाला जाणवते. तेव्हा बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने ओढायचे.

कुर्बानीच्या सुरीचे पाते अर्थातच लांब हवे. तिथे धारेचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जबह करणाऱ्याला सुरी धारदार करून घेण्याची आणि जनावराला कमीत कमी त्रास देण्याची ताकीद दिली आहे. जनावराच्या नजरेसमोर सुरी पाजळू नये, हेही त्यातच येते. म्हणून धार आदल्या दिवशी लावावी, आणि कसायावर सगळे सोपवणाऱ्यांनीही त्याची सुरी आधी पाहावी. पाहुण्यांसाठी भांडी मोजून ठेवणाऱ्या आपल्या घरांत हे एक काम मागे राहते, असे आम्हाला दिसते.

आता कायदा, कारण आपल्या घरांतल्या तरुणांच्या बाबतीत तो दुर्लक्षून चालणार नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या यादीत येते. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणांच्या वा निवडणुकीच्या काळात सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगण्यावर मनाई आदेश निघू शकतो. तेव्हा नवी सुरी बाजारातून आणताना कागदात गुंडाळून, पावतीसह, पिशवीच्या तळाशी ठेवून थेट घरी यावे. ट्रेकला जाताना ती सॅकमध्ये भांड्यांबरोबर असावी, पट्ट्याला लटकवलेली नको. दुचाकीच्या डिकीत कायमची पडून तर मुळीच नको. दातेरी काळी सुरी भाजी चिरण्यासाठी आहे हे रात्री नाक्यावर पटवून देणे किती अवघड जाईल, याचा विचार मुलाने स्वतःच करावा. विमानाने जाणार असाल तर सुरी केबिनमध्ये चालत नाही, सामानात द्यावी लागते.

वापरानंतर सुरी लगेच धुऊन कोरडी करावी आणि पात्यावर खोबरेलाचे बोट फिरवावे. कैरी, लिंबू, कोकम चिरल्यावर कार्बन पोलाद करडे पडते. तो गंज नव्हे, घासत बसू नये. लालसर ठिपके दिसले तर मात्र राखेने लगेच काढावेत. चामड्याच्या म्यानात सुरी महिनोन्‌महिने ठेवली तर ओलीने गंजते, म्हणून म्यान फक्त प्रवासापुरते. घरी ती तेल लावून कागदात गुंडाळावी आणि लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावी.