स्वस्त डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा का येत नाही?

रांझी (जबलपूर) : तोफगाडे, लष्करी वाहने आणि दारूगोळा बनविणाऱ्या कारखान्यांच्या सान्निध्यात वाढलेल्या रांझी परिसराला अंतराच्या अचूकतेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या येथील गन कॅरेज फॅक्टरीत तयार झालेल्या ‘धनुष’ या १५५ मिलिमीटर तोफांची पहिली तुकडी ८ एप्रिल २०१९ रोजी लष्कराकडे सुपूर्द करण्यात आली. तिचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर आहे. लक्ष्य किती दूर आहे, हे ठाऊक असल्याखेरीज एवढ्या पल्ल्याचा उपयोग नाही. हीच अट छायाचित्रकारालाही लागू होते; फरक इतकाच की, त्याचे लक्ष्य दोन-चार मीटरवर असते. अंतर मोजण्याचे लष्करी उपकरण लहान होऊन कॅमेऱ्यात शिरले, तेव्हा रेंजफाइंडर कॅमेरा जन्मला.

सामान्य छायाचित्रकाराला परवडेल असा छोटा डिजिटल रेंजफाइंडर बाजारात येईल का, ही चर्चा गेली दोन दशके अधूनमधून डोके वर काढते. मोबाइलच्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याने गाठलेली गुणवत्ता पाहता हे अशक्य वाटत नाही. तरीही असा कॅमेरा येत नाही. त्याचे कारण कॅमेऱ्याच्या रचनेतच दडले आहे.

दोन खिडक्या, एक त्रिकोण

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूस काही अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून मुख्य दृश्य दिसते, तर दुसरीतून आलेली प्रतिमा त्याच दृश्याच्या मध्यभागी लहानशा उजळ चौकोनात उमटते. भिंगाचे कडे फिरविले की आतील आरसा किंवा काच किंचित वळते आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर सरकतात. त्या तंतोतंत जुळल्या की वस्तू स्पष्ट टिपली जाणार, हे निश्चित होते. दोन खिडक्या आणि वस्तू यांचा जो त्रिकोण होतो, त्याच्या कोनावरून अंतर ठरते. आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या दोन ब्रिटिश प्राध्यापकांनी १८८८ मध्ये लष्करासाठी याच तत्त्वावर अंतरमापक तयार करण्यास प्रारंभ केला होता. १९१६ मध्ये कोडॅकने भिंगाशी जोडलेला अंतरमापक कॅमेऱ्यात आणला आणि १९३२ मध्ये ‘लायका’च्या छोट्या कॅमेऱ्याने तो लोकप्रिय केला.

या रचनेचे लाभ आजही मोलाचे आहेत. चौकटीबाहेरील दृश्य दिसत राहत असल्याने कोण आत येत आहे, हे आधीच कळते. छायाचित्र टिपतानाही डोळ्यांपुढे अंधार होत नाही. कॅमेरा लहान आणि आवाज अल्प असल्याने समोरची व्यक्ती बिचकत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही तास आधी, महात्मा गांधींची भेट घेतली आणि त्यानंतरचा देशाचा शोक टिपला, तो अशाच कॅमेऱ्याने. अर्थात, अगदी जवळच्या वस्तू आणि फार दूरवरचे पक्षी यांच्यासाठी ही पद्धत उपयोगाची नाही.

खर्च कुठे होतो?

लायकाच्या ‘एम’ मालिकेतील दोन खिडक्यांमधील अंतर सुमारे ६९ मिलिमीटर आहे. वस्तू तीन मीटरवरून तीन मीटर दहा सेंटिमीटरवर गेली, तर त्रिकोणाचा कोन एका अंशाच्या विसाव्या भागाहूनही कमी बदलतो. इतका सूक्ष्म बदल भिंगाच्या हालचालीतून, तरफांमार्फत अचूकपणे पोहोचवायचा, हे घड्याळजीच्या तोडीचे काम आहे. प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतंत्र जुळणी करावी लागते. इलेक्ट्रॉनिक भाग लाखोंच्या संख्येने बनले की स्वस्त होतात. कुशल हातांच्या जुळणीला ते गणित लागू पडत नाही.

किमतीही तेच दर्शवितात. लायकाने जानेवारी २०२२ मध्ये आणलेल्या डिजिटल ‘एम ११’ची अमेरिकेतील किंमत ८,९९५ डॉलर होती. त्याच वर्षी पुन्हा बाजारात आलेला ‘एम ६’ हा फिल्मचा कॅमेरा आहे. त्यात ना संवेदक, ना पडदा, तरीही त्याची किंमत ५,२९५ डॉलर होती. नाममुद्रेचे मोल वजा केले, तरी यांत्रिक भागाचा भार त्यातून स्पष्ट होतो.

डिजिटल संवेदकाने अडचणीत भर घातली. रेंजफाइंडरची भिंगे संवेदकाच्या अगदी निकट असल्याने कडेची किरणे तिरपी पडतात आणि त्यासाठी विशेष घडणीचा संवेदक लागतो. शिवाय छायाचित्र पडद्यावर कितीही मोठे करून पाहता येत असल्याने फिल्मवर खपून जाणारी चूक आता लपत नाही.

झालेले प्रयत्न

पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकाचा नव्हता. २००४ मध्ये जपानच्या एप्सनने ६.१ मेगापिक्सेलचा ‘आर-डी १’ आणला. त्याची किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास होती आणि तो जपानच्याच कोसिना कंपनीच्या फिल्म कॅमेऱ्याच्या सांगाड्यावर बेतलेला होता. लायकाचा ‘एम ८’ २००६ मध्ये आला. फ्रान्सच्या ‘पिक्सी’ने अलीकडे हा मार्ग धरला, मात्र त्याचीही किंमत सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरच आहे. फुजिफिल्मच्या २०११ मधील ‘एक्स १००’ने रूप रेंजफाइंडरचे घेतले, पण आतील यंत्रणा स्वयंचलित ठेवली. लायकानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एम’ मालिकेतील एका कॅमेऱ्यातून अंतरमापक काढून इलेक्ट्रॉनिक दर्शिका बसविली. प्रवाह कोणत्या दिशेला वाहतो आहे, हे यावरून लक्षात येते.

मग शक्यता कोणती?

आशेला जागा आहे ती भिंग न बदलणाऱ्या कॅमेऱ्यात. १९६६ मधील ‘याशिका इलेक्ट्रो ३५’ किंवा त्याआधीचा ‘कॅनोनेट’ हे मध्यमवर्गाचे रेंजफाइंडर याच प्रकारचे होते. एकच भिंग असले की जुळणी त्या एकासाठीच करावी लागते आणि संवेदकही त्यालाच अनुरूप निवडता येतो. ३५ मिलिमीटर, एफ २ अशा भिंगाला ५० मिलिमीटर, एफ १.४ भिंगाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश लांबीचा अंतरमापक पुरतो. त्यामुळे कॅमेरा लहान होऊ शकतो आणि जुळणीतील काटेकोरपणाही काहीसा सैल करता येतो.

तंत्रज्ञान अडवत नाही. अडवते ती मागणी. स्वयंचलित केंद्रीकरण स्वस्त आणि अचूक झालेले असताना हाताने अंतर जुळविण्यासाठी अधिक पैसे मोजणारे ग्राहक किती, यावर सारे अवलंबून आहे. भारतीय ग्राहकाला त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा करही द्यावा लागतो. जानेवारी २०१९ पूर्वी तो २८ टक्के होता.

तोवर ही पद्धत अनुभवण्याचा कमी खर्चाचा मार्ग म्हणजे जुना फिल्म रेंजफाइंडर. खरेदीपूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : मधला चौकोन पुरेसा उजळ आहे का, भिंग अनंतावर ठेवून दूरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिल्यास दोन्ही प्रतिमा जुळतात का आणि त्या एकमेकींच्या वर-खाली तर दिसत नाहीत ना. पावसाळी हवेत भिंगावर बुरशी धरली आहे का, हेही उजेडात पाहून घ्यावे. प्रतिमा जुळत नसतील, तर कॅमेरा दुरुस्त करणारा जाणकार आपल्या शहरात आहे का, हे विचारूनच व्यवहार करावा. ती जुळणी करू शकणारे हात आता दुर्मीळ झाले आहेत. स्वस्त नव्या कॅमेऱ्याची वाट अडली आहे, तीही बऱ्याच अंशी तिथेच.