हवापालट पुरत नाही तेव्हा

पाचगणीची हवा म्हणजे अर्धं औषध, असं आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलो. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली इथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सुरू केलं, ते याच हवेच्या भरवशावर.

मूत्रपिंडाचा कर्करोग मात्र हवेला दाद देत नाही. शंभरांतल्या चार ते दहा रुग्णांत ही गाठ शिरेत शिरते आणि हृदयाकडे रक्त नेणाऱ्या महाशिरेतून वेलीसारखी वर चढते. कधी थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत. ऐकूनच घरच्यांचं अवसान गळतं. पण ही वेल पुष्कळदा शिरेच्या भिंतीला घट्ट चिकटलेली नसते. शल्यविशारद मूत्रपिंड काढतात, महाशीर उघडून वेल बाहेर काढतात आणि शीर पुन्हा शिवतात. वेल हृदयात पोचली असेल, तर हृदय-फुप्फुसांचं काम काही वेळ यंत्र करतं. जोखीम मोठी, तरी रोग अन्यत्र पसरला नसेल, तर निम्म्याच्या आसपास रुग्ण पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात.

म्हणून लघवीत रक्त दिसलं, तर दुखत नसलं तरी ‘उष्णता झाली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पीत बसू नये. पसरणीचा घाट उतरावा आणि सोनोग्राफी करून घ्यावी.