चिखलांत रुतणाऱ्या गाडीचें डिफरन्शियल

काळ्या रानांतून जाणाऱ्या पाणंदींची पावसाळ्यांत काय अवस्था होते, हें वाचकांस सांगणें नलगे. गतवर्षीं श्रावणांत सुनेस कळा सुरू झाल्या असतां आमची जीप डांबरी सडकेपासून दोन फर्लांगांवर रुतली. डाव्या अंगाचीं दोन्ही चाकें चरांत गरगर फिरत होतीं, आणि उजव्या अंगाचीं दोन्ही कोरड्या मुरमावर उभीं असूनहि स्वस्थ होतीं. चारी चाकांस जोर लाविला होता, तरी हीच गत. शेजाऱ्याच्या बैलजोडीनें गाडी ओढून काढिली व पुढें सर्व सुखरूप पार पडलें. परंतु मुरमावरचीं चाकें स्वस्थ कां राहिलीं, हा प्रश्न मनांतून जाईना. महसूल खात्यांत तीस वर्षें लेखणी चालविलेल्या मनुष्यानें यंत्रांत डोकें घालूं नये असें कोणी म्हणेल. तथापि चौकशीअंतीं जें समजलें तें येथें देतों.

बैलगाडीचीं चाकें कण्यावर सुटीं फिरतात, म्हणून वळणावर बाहेरचें चाक अधिक व आंतलें कमी फिरतें, आणि कांहीं अडत नाहीं. मोटारींत इंजिनाचा जोर दोन्ही चाकांस द्यावयाचा व त्यांस कमीअधिक फिरूंहि द्यावयाचें, हें काम डिफरन्शियलचीं दांतेरी चक्रें करितात. फ्रान्समधील पेक्वर नामक कारागिरानें १८२८ सालीं वाफेच्या गाडीसाठीं ही युक्ति योजिली.

तिचा धर्म असा कीं, ती दोन्ही बाजूंस नेहमीं सारखाच जोर देते. चिखलांतलें चाक १० किलो जोरानेंच निसटत असेल, तर कोरड्यावरच्या चाकासहि १०च मिळतात. त्याची १०० पेलण्याची ताकद फुकट जाते. एकूण २०. हाच सारा घोटाळा. दोन्ही अर्धे आंस एकत्र जखडले, तर १० व १०० मिळून ११० पर्यंत जोर जमिनीस लागूं शकतो. ट्रॅक्टरवर पायानें दाबावयाचा लॉकचा खटका असतो, तो हेंच करितो.

जीपगाडीसाठीं मात्र निवड करावी लागते. चकत्यांच्या घर्षणावर चालणारा प्रकार स्वस्त पडतो, पण चकत्या झिजतात व त्यास ठराविक तेलच लागतें. दांतेरी चक्रांचा ‘टॉर्सेन’ हा प्रकार सडकेवर फार गोड चालतो. तो पकड असलेल्या चाकास, समजा, तिप्पट जोर देतो. वरील हिशेबानें १० व ३० मिळून ४०. परंतु चाक अधांतरीं लोंबूं लागलें कीं शून्याची तिप्पट शून्यच! अशा वेळीं ब्रेक हलकासा दाबून धरल्यास कांहीं जोर पलीकडे जातो. मारुती जिम्नींत हेंच काम संगणक करितो: फिरणाऱ्या चाकास आपोआप ब्रेक लावितो.

नाशिक येथें तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या कांहीं प्रकारांत मागील आंसावर आपोआप लागणारें लॉक येतें. दोन चाकांच्या गतींत मिनिटास सुमारें १०० फेऱ्यांचा फरक पडला म्हणजे तें लागतें, व भरधाव वेगांत लागत नाहीं. सोय चांगली, पण तितकें फिरेपर्यंत चिकण मातींत चाक थोडें खोल जातें, हें ध्यानांत ठेवावें. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरख्यांत पुढें व मागें दोन्हीकडे चालकानें हातानें लावावयाचें लॉक आहे. बाहेरून बसवून मिळणारें असें लॉक वाऱ्याच्या दाबावर किंवा विजेवर चालतें; वाऱ्याच्या प्रकारास कॉम्प्रेसर हवा, आणि नळी फुटली कीं लॉकहि गेलें.

एका कारागिरानें आम्हांस पुढें व मागें दोन्हीकडे आपोआप लागणारें लॉक घालण्याचा आग्रह केला होता. मीं नाकारिलें. तसलें लॉक पुढच्या आंसावर असलें म्हणजे सुकाणू जड होतें, आणि ज्या गाडींतून बायकापोरें बाजारास जावयाचीं तिला तें योग्य नव्हे. माझें मत असें कीं, शेत व सडक दोन्हीकडे फिरणाऱ्या गाडीस प्रथम मागेंच, हातानें लावावयाचें लॉक घ्यावें. मागविण्यापूर्वीं आपला आंस कोणता, अर्ध्या आंसाच्या टोकावर खांचा किती, हें मोजून घ्यावें. खांचा जुळल्या नाहींत तर माल परत करण्याची पाळी येते. क्राऊन व पिनियन यांतील फट बसवितांना चुकली तर दांते अल्पावधींत खराब होतात, सबब बसविणारा जाणता असावा. एक चाक निसटलें असतां सारा भार दुसऱ्या बाजूच्या अर्ध्या आंसावर येतो. तो जुना असल्यास तुटतो.

लॉक चिखलांत शिरण्यापूर्वींच लावावें. चाक वेगानें फिरत असतां कदापि लावूं नये. डांबरी सडक आली कीं लगेच सोडावें. आडव्या उतारावर तर विशेष जपावें: साधें डिफरन्शियल असतां एक चाक निसटलें तरी दुसरें गाडी धरून ठेवितें, जखडलेलीं दोन्ही एकदम निसटलीं कीं गाडी अंगावरच्या बाजूस घसरते. शिवाय टायरच्या खांचा काळ्या मातीनें भरून गुळगुळीत झाल्या असतील, तर दोन्ही बाजूंस १०च. तेथें कोणतेंहि लॉक गाडी बाहेर काढणार नाहीं, उलट दोन खड्डे अधिक खोल होतील. म्हणून लॉकाआधीं पैसे चांगल्या टायरांत घालावे.

आमच्या जीपेस मागें लॉक बसविलें आहे. पुढचा आंस तसाच ठेविला आहे. यंदा मृगापूर्वीं त्या चरांत चार गाड्या मुरूमहि टाकून घेतला.