चकचकीत टाइल्स : पुसता येणारा डाग आणि न पुसणारा ओरखडा

नव्या घराचा ताबा मिळाला, की पहिली नजर जाते ती फरशीवर. नमुना सदनिकेत आरशासारखी लखलखणारी तीच टाइल आपल्या घरात मात्र साय धरल्यासारखी पांढुरकी दिसते. खिडकीतून तिरपे ऊन आले, की बारीक रेघाही डोळ्यांत भरतात. पुढची कित्येक वर्षे ज्याचे हप्ते फेडायचे ते हे घर, म्हणून जीव हळहळतो. गृहप्रवेशाचा मुहूर्त जवळ आल्याने घाईही असते. अशा वेळी ‘अॅसिड मारा आणि तारेच्या घासणीने घासा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो पाळला, तर सहज निघून जाणारा डाग एका दुपारीत कायमच्या खोटीत बदलू शकतो.

हा सल्ला मुळात मोझॅकच्या जमान्यातला आहे. मोझॅकच्या लाद्या बसवून झाल्यावर त्या जागेवरच यंत्राने घासल्या जात आणि शेवटी ऑक्झॅलिक अॅसिडची पूड लावून त्यांना चकाकी आणली जाई. मधल्या काळात सांडलेले सिमेंट, रंगाचे शिंतोडे, चरे हे सारे त्या घासाईत निघून जाई. आजची टाइल कारखान्यातूनच चकाकी घेऊन येते. घरात आल्यानंतर तिची चकाकी वाढण्याची शक्यता नाही. ती कमी होण्याची मात्र पुष्कळ.

‘ग्लॉसी’ या एकाच नावाखाली दुकानात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, हेही ध्यानात घ्यायला हवे. पहिली पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड टाइल. माती, फेल्डस्पार आणि गारेची पूड यांचे दाबून केलेले मिश्रण सुमारे १२०० अंश सेल्सियसला भाजले, की ते इतके घट्ट होते की स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्काही पाणी शोषत नाही. तिचा पृष्ठभाग हिऱ्याच्या चाकांनी घासून चमकवलेला असतो. त्या घासाईत उघडी पडलेली सूक्ष्म छिद्रे सिलिकायुक्त द्रव्याने भरली, की तिला ‘नॅनो’ म्हणतात. दुसरा प्रकार झिलईचा. यात काचेसारखा थर मिलिमीटरच्या काही भागाएवढाच जाड असतो आणि संगमरवराची ती सुरेख नक्षी त्याच्या लगतच छापलेली असते. पहिल्या प्रकारात ओरखड्याखाली तोच रंग निघतो. दुसऱ्यात ओरखडा खोल गेला तर नक्षीच जाते. खोक्यावर प्रकार लिहिलेला असतो आणि टाइलची कड निरखली तरी वरचा वेगळा थर दिसतो.

आता ओरखड्यांकडे वळू. फ्रिड्रिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची जी श्रेणी मांडली, तीत संगमरवराचे स्थान ३ आहे, सुरीच्या पोलादाचे साधारण ५.५ आणि गारेचे ७. टाइलवरची झिलई बहुधा ५ ते ६ च्या घरात येते. याचा सरळ अर्थ असा, की टाइलचा खरा शत्रू भांडे किंवा कपाट नसून त्याखाली सापडलेला वाळूचा कण आहे. नदीची वाळू गारेची असते. काळ्या दगडापासून केलेली क्रश सँडही झिलईहून मऊ नसते. बांधकामाच्या दिवसांत चपलांच्या तळव्यांना चिकटून हेच कण घरभर फिरतात.

मात्र दिसणारी प्रत्येक रेघ हा ओरखडा नसतो. अॅल्युमिनियमची शिडी किंवा लोखंडी कपाट सरकवल्यावर राहणारी करडी-काळी रेघ पुष्कळदा टाइल झिजल्याची नसून धातू झिजल्याची असते. पाटीवर पेन्सिल उमटावी तशी. ओळखायची खूण सोपी आहे. त्या रेघेवरून आडवे नख फिरवावे. नख अडले तर ओरखडा, सरकन गेले तर बहुधा धातूचा माग. असा माग साध्या पांढऱ्या टूथपेस्टने किंवा खडूच्या वस्त्रगाळ पुडीच्या ओल्या लेपाने, मऊ फडक्याने हळूहळू चोळल्यास पुष्कळदा निघतो, कारण खडू झिलईपेक्षा बराच मऊ आहे. भांडी घासण्याची खरखरीत पावडर आणि तारेची घासणी मात्र दूर ठेवावी. कोणताही उपाय आधी पलंगाखाली येईल अशा कोपऱ्यात करून पाहणे शहाणपणाचे.

पांढुरक्या थराची कथा वेगळी. सांधे भरताना ग्राउट टाइलवर पसरते, मग ओल्या स्पंजाने पुसले जाते आणि त्या गढूळ पाण्यातले सिमेंट पृष्ठभागावर वाळते. सिमेंटमधून सुटणारा चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून खडूसारखा कठीण होतो. म्हणून पहिल्या काही तासांत जे काम कोरडे, स्वच्छ फडके करते, ते आठवड्यानंतर फडक्याला साधत नाही. खरे तर वेळोवेळी पाणी बदलणारा आणि स्पंज पिळून घेणारा कारागीर हाच या दुखण्यावरचा सर्वोत्तम इलाज. पण दिवसाला किती चौरस फूट झाले यावर मजुरी ठरत असेल, तर बादलीतले पाणी बदलायला थांबायचे कोणी?

थर वाळलाच असेल, तर सांधे पक्के होईपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, थांबावे. आधी कोमट पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश वापरून पाहावा. तेवढ्याने भागले नाही, तर व्हिनेगर पाण्यात मिसळून किंवा ग्राउटचा थर काढण्यासाठी मिळणारे सल्फॅमिक अॅसिडचे द्रावण वेष्टनावरील प्रमाणाने घ्यावे. त्याआधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घेणे फार महत्त्वाचे, कारण कोरडा सांधा अॅसिड पिऊन घेतो आणि थर ज्या सिमेंटचा, त्याच सिमेंटचा सांधाही असतो. एका वेळी चार-पाच टाइल्सच घ्याव्यात, काही मिनिटांत चोळून भरपूर पाण्याने धुवाव्यात आणि कोरड्या पुसाव्यात. उंबऱ्याला, ओट्याला किंवा खिडकीच्या पट्टीला संगमरवर, कोटा, शहाबादी अथवा कडप्पा असेल, तर तिथे एक थेंबही पडू देऊ नये. हे दगड चुन्याचे, अॅसिड त्यांची चमक खाऊन टाकते.

बाटलीत मिळणारे स्वस्त अॅसिड बहुधा हायड्रोक्लोरिक असते. ते थर झटक्यात काढते खरे, पण सांधे पोखरते आणि त्याच्या वाफांनी नळांचा मुलामा व दरवाजांच्या बिजागऱ्या गंजतात. त्याहून गंभीर धोका माणसाला आहे. अॅसिडने न निघालेला डाग ब्लीचने काढू, असे म्हणून दोन्ही एकत्र आले, तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. गंज काढणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक अॅसिड असते. ते काचच विरघळवते, म्हणजे झिलई गेलीच, आणि त्वचेवर पडल्यास खोलवर इजा करते. अशा कामाला घरकामाच्या बाईंना हातमोज्यांशिवाय बसवणे, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तो थांबायला हवा.

सांधे एपॉक्सीचे असतील तर हे सगळे निरुपयोगी. एपॉक्सी सिमेंट नाही, राळ आहे. ती ओली असतानाच पुसायची; एकदा कडक झाली, की तिच्यासाठीचे खास द्रावणच आणावे लागते.

नख अडते असा खरा ओरखडा झिलईच्या टाइलवर असेल, तर तो घालवता येत नाही, झाकता येतो. रंग जुळवलेला एपॉक्सी भराव चिरेत बसवून वरचा उरलेला भाग काढला, की उभ्याने पाहणाऱ्याला तो जाणवत नाही. पॉलिश केलेल्या टाइलचा, विशेषतः ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा रंगीत थर असलेल्या ‘डबल चार्ज’ टाइलचा ओरखडा हिऱ्याच्या पॅडने घासून कमी होतो. पण तेवढ्या भागातले नॅनोचे आवरण जाते, तिथे डाग लवकर धरतात आणि चकाकी शेजारच्या टाइलशी क्वचितच जुळते.

अशा वेळी टाइल बदलणेच सोयीचे. सांधे कापून, मधोमध फोडून आतून बाहेर तुकडे काढले, तर शेजारच्या टाइल्स वाचतात. अडचण येते ती नव्या टाइलची, कारण तोच नमुना दुसऱ्या भट्टीतून आला, की छटा किंचित बदलते. त्यासाठी बांधकामाच्या वेळीच एखादे खोके माळ्यावर ठेवावे आणि त्यावरील बॅच व शेडचे क्रमांक लिहून ठेवावेत. रंगकाम-सुतारकाम बाकी असेल, तर प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर देण्याची पद्धत उत्तम आहे; फक्त कागद अंथरण्यापूर्वी फरशी झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. कागदाखाली राहिलेली वाळू पुढचे दोन महिने सुताराच्या पायांखाली तीच फरशी घासत राहते.